थांबच्या पानावरचं वाक्य

कडुबाभाऊ म्हस्के गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या. त्यातल्या दोन चुकीच्या होत्या. एकीत त्यांना 'संगणक दुरुस्ती करणारे' म्हटलं होतं, आणि दुसरीत दोन वर्षांपूर्वीच्या अपघाताचा ठपका त्यांच्यावर ठेवला होता. पहिल्या ओळीवर मी फार चिडले. पेपरच्या कचेरीत फोन करून तिथल्या माणसाला झापलंसुद्धा. दुसरी ओळ मला त्या दिवशी चूक वाटली नाही. ती चूक आहे हे मला पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून मी हे लिहायचं टाळत आले.

भाऊ काय करायचे हे आधी सांगितलं पाहिजे, कारण गारखेड्यात त्यांच्या गल्लीतही ते कुणाला धड माहीत नव्हतं. ते बिडकीनच्या बाजूचे, आयटीआय झालेले वायरमन. चिकलठाण्याला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर होते. यंत्र कधी चालू व्हायचं, किती वेळ चालायचं, कधी बंद पडायचं हे सांगणारा एक छोटा संगणक त्या पॅनलमध्ये बसवलेला असतो. त्याला काम सांगायचं सॉफ्टवेअर परदेशी, सगळं इंग्रजीत, आणि काही अडलं की पुण्याहून इंजिनिअर येईपर्यंत यंत्र झाकून ठेवायचं. या प्रकाराला वैतागून भाऊंनी २००९ साली स्वतःची भाषा तयार केली. नाव ठेवलं पाचर. दोन फळ्यांत फट राहिली की सुतार मारतो ती.

'चालू', 'बंद', 'थांब', 'बघ' अशा शब्दांत फिटरने आपलं काम लिहायचं. ते यंत्राला कळेल अशा आकड्यांत उतरवून देतो तो कंपायलर. तो भाऊंनी लिहिला. 'थांब' म्हटल्यावर नेमकं कसं थांबायचं, किती मोजायचं, असली नेहमीची कामं एकदाच लिहून ठेवलेली असतात, त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. तीही त्यांचीच. आणि हे सगळं त्यांनी इंटरनेटवर फुकट ठेवून दिलं. वाळूज, जालना, नाशिक, पार कोल्हापूरपर्यंतच्या छोट्या वर्कशॉपमध्ये पाचर चालायची. चालवणाऱ्यांना ती कुणी केली याची फिकीर नव्हती. पंखा कुणी शोधला हे कोण विचारतं?

एकदा भाषा केली की सुटलं, असं मला वाटायचं. तसं नसतं. नव्या चिपा येतात, जुने संगणक जातात, आणि कोल्हापूरहून कुणीतरी फोन करून विचारतं की कालपर्यंत चालणारं आज का चालत नाही. भाऊ रोज पहाटे पाचला उठून सातपर्यंत हे काम करायचे, मग डबा घेऊन ड्युटीवर. पंधरा वर्षं. बायको सुरेखावहिनी म्हणायच्या, "सवत असती तर भांडले तरी असते." यावर भाऊ हसायचे आणि चहाची बशी पुढे करायचे.

मी या गोष्टीत आले २०१३ साली. मी तेव्हा पॉलिटेक्निकला शिकवत होते, तांत्रिक लेखन हा माझा विषय. एक सावळा, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला माणूस वहीचे कागद घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, माझी भाषा मशिनला कळती, पण माणसाला कळंल असं लिहायला मला जमत नाय." मी वाचलं. खरंच जमलेलं नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या म्हस्के, मीच लिहिते. आणि एकशे बारा पानांची पुस्तिका लिहिली. प्रत्येक शब्दाला एक पान: काय करतो, कसा वापरायचा, काय होऊ शकतं. भाऊ म्हणाले होते, कुठं अडलं तर फोन करा. मला अडून फोन करायची सवय नव्हती. मी लिहिलेलं कुणी तपासावं याचीही नव्हती.

पुस्तिकेवर दोन नावं आली. कडुबा म्हस्के, तनुजा चौसाळकर. माझं नाव पहिल्यांदा कशावर छापलं गेलं ते या पुस्तिकेवर. पुढे म्हस्केंचे भाऊ झाले आणि मॅडमची मी ताई झाले. चौदा एप्रिलला त्यांच्या घरी जेवायला जायचा परिपाठ पडला. आमच्या आळीत काही जणांना ते खुपायचं, आणि त्यांना खुपतं म्हणून मी जरा जास्तच मिरवत जायचे. हेही लिहून ठेवते. माझा मोठेपणा त्यात किती होता आणि आपुलकी किती, याचा हिशोब मला आता मांडवत नाही.

भाऊंचा एक नियम होता. पुस्तिका खरी. पुस्तिकेत एक लिहिलंय आणि लायब्ररी दुसरंच करते असं आढळलं तर लायब्ररी चुकली. ते म्हणायचे, "ताई, फिटर काय माझा कोड वाचत नाय. तो कागद वाचतो आन् त्या भरवशावर हात घालतो मशीनमधी. कागद म्हणजे जुबान दिल्यासारखं हाय." मला हे ऐकून फार बरं वाटायचं. कागद माझा होता ना.

२०२२ साली दिवाळीनंतर त्यांनी पुस्तिकेतलं एकेक वाक्य यंत्रावर पडताळायला घेतलं. एका प्लायवूडच्या फळीवर सहा दिवे, वीज जोडणारे-तोडणारे चार रिले आणि एक मोठं बटण बसवलं. बटण ओढलं की वीज जायची, सोडलं की यायची. आपल्याकडे हे सगळ्यात महत्त्वाचं. ती फळी फ्रिजवर असायची आणि पहाटे खाली उतरायची. वाक्य मोठ्याने वाचायचं, तसं चालवून बघायचं, पेन्सिलीने खूण करायची. एकशे बारा पानांत अकरा ठिकाणी पुस्तिका आणि लायब्ररी जुळत नव्हती. अकराही ठिकाणी भाऊंनी लायब्ररी बदलली.

त्यातलं एक पान 'थांब'चं. पुस्तिकेत लिहिलं होतं: 'मध्येच वीज गेल्यास, वीज आल्यावर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.' लायब्ररी तसं करत नव्हती. ती उरलेला वेळ लक्षात ठेवायची. वीस मिनिटांतली पंधरा झाली असली तर वीज आल्यावर पाचच मोजायची. भाऊंनी ती पुस्तिकेप्रमाणे केली. नवी आवृत्ती काढताना सोबत बदलांची यादी दिली, त्यात हा बदल ठळक लिहिला. यादी कुणी वाचली नाही. मीसुद्धा वाचली नाही.

एप्रिल २०२३. इथल्याच औद्योगिक भागातलं एक वर्कशॉप, नाव घेत नाही. तिथं बेअरिंग बसवायच्या आधी तेलाच्या टाकीत गरम करत. पाचरमध्ये तीन ओळी होत्या: हीटर चालू, वीस मिनिटं थांब, हीटर बंद. तेल फार तापलं की हीटर बंद करणारा थर्मोस्टॅट टाकीला होता, पण तो बिघडल्यापासून मालकाने त्याला वगळून तारा सरळ जोडून टाकल्या होत्या, कारण वीस मिनिटं मोजणारी पाचर होतीच. आणि तिथल्या माणसाने आदल्या आठवड्यात नवी आवृत्ती घातली होती, कारण नवी म्हणजे चांगली.

त्या दुपारी वीज चार वेळा गेली. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांसाठी. दर वेळी मोजणी पहिल्यापासून. तेल तासाभराच्या वर तापत राहिलं. कचरू नावाचा कामगार तेल रोजच्याइतकंच तापलं असणार असं धरून बेअरिंग काढायला गेला, जाळी उचलली आणि तेल उसळलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं राहिली, पण ती मिटत नाहीत.

पुढच्या आठवड्यात पाचर वापरणाऱ्या वर्कशॉपवाल्यांची बैठक झाली. साठेक माणसं होती. भाऊंना समोर खुर्ची दिली होती, टेबलाशिवाय. थर्मोस्टॅटचा विषय कुणीतरी हळूच काढला, तर त्याला गप्प बसवलं. त्या वर्कशॉपच्या मालकाने विचारलं, दहा वर्षं बरोबर चालणारी गोष्ट बदलायचं कारण काय?

भाऊ उभे राहिले. म्हणाले, "चूक माझी हाय. पुस्तिकेत एक व्हतं, लायब्ररीत एक व्हतं. म्या लायब्ररी बदलली. बदलायच्या आधी ती कोण कशी वापरतं हे विचारायला पायजे व्हतं."

तिथं मी उठले. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. पुस्तिकेवर माझं नाव होतं, लोक माझ्याकडे बघत होते, आणि मला भीती वाटत होती. ती भीती माझ्या तोंडून राग होऊन आली. मी म्हणाले, "म्हस्के, पानावर एक ओळ खोडायची होती. ती सोडून चालतं यंत्र मोडलंत? एवढी साधी अक्कल नको का माणसाला?"

म्हस्के म्हणाले मी त्यांना. दहा वर्षांत पहिल्यांदा.

सभागृहात माना डोलल्या. शिकलेल्या बाईंनी बोलून दाखवलं, हे सगळ्यांना सोयीचं झालं. भाऊंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय, मॅडम." मला वाटलं, रुसले. घरी जाताना मी रिक्षात मनाशी म्हटलंही, की खरं बोललं की लागतंच माणसाला.

त्याच रात्री त्यांनी लायब्ररी पहिल्यासारखी केली आणि पुस्तिकेतली ओळ दुरुस्त केली. महिन्याभरात कारखान्याने त्यांना कामावरून काढलं. पाचर वापरणारे एकेक करून दुसरीकडे गेले. भाऊंनी शोध घेतला की ही भाषा कुणी पुढे सांभाळेल का. कुणी हो म्हटलं नाही. तरी ते पहाटे पाचला उठत राहिले, शेवटी शेवटी कोल्हापूरच्या एकाच माणसासाठी.

आणि रविवारी बिडकीनला जायचे, कचरूकडे. त्याच्यासाठी त्यांनी एक आकडा केला होता, लाकडी मुठीत बसवलेली वाकवलेली तार. ती काजात घालून बटण ओढून घ्यायचं. त्याने कचरू एका हाताने शर्ट घालू लागला. हे मला सुरेखावहिनींनी नंतर सांगितलं. मी त्या दोन वर्षांत भाऊंच्या घरी गेले नव्हते. फोन दोनदा केला, दोन्ही वेळा सणाला.

फेब्रुवारीत सकाळी चहा घेताना त्यांच्या छातीत दुखलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सत्तावन्न वर्षांचे होते.

मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी फ्रिजवरची फळी उतरवून माझ्यासमोर ठेवली, वर एक चिठ्ठी. तिच्यात पाचरचे पासवर्ड होते. "ते सांगून गेले व्हते, हे ताईला द्यायचं," वहिनी म्हणाल्या. मी ती घेतली, कारण नाही म्हणायला जागा नव्हती.

मला वाटलं, पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांच्याविषयी चार बरे शब्द लिहावेत. पेपरातल्यापेक्षा बरे. त्यात अपघाताचा उल्लेख कसा करावा ते सुचेना, म्हणून थांबच्या पानावरचं ते जुनं वाक्य नेमकं कधी आलं ते बघायला गेले. अशा कामात प्रत्येक ओळीची नोंद राहते: कुणी लिहिली, कोणत्या तारखेला, कशासाठी. पुसता येत नाही. मी ते पान उघडलं, ओळ शोधली. समोर नाव आलं, तनुजा चौसाळकर. तारीख २०१३ च्या ऑक्टोबरमधली.

आणि मला आठवलं. दिवाळीच्या आधी पुस्तिका संपवायची घाई होती. वीज गेल्यावर 'थांब'चं काय होतं हे मला माहीत नव्हतं. फोन शेजारी होता. मी घरच्या वॉशिंग मशीनचा विचार केला. ते वीज आल्यावर पहिल्यापासून सुरू व्हायचं. म्हटलं, असंच असणार. आणि लिहून टाकलं.

इथं संपलं असतं तरी मी कसंबसं निभावून नेलं असतं. लोक विसरतात, मीही विसरले असेन, असं म्हणता आलं असतं. पण त्याच्या खाली भाऊंनी लायब्ररी बदलली त्या दिवशीची त्यांची नोंद होती. १२ डिसेंबर २०२२. 'थांब पुस्तिकेप्रमाणे केलं. त्याआधी तनुजाताईंना फोनवर विचारलं की हे वाक्य विचार करून ठरवलेलं आहे ना. त्या म्हणाल्या, होय, ठरवूनच लिहिलं आहे.'

तो फोन मला आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. पण 'ठरवूनच लिहिलं आहे' हा माझाच शब्द आहे. कुणी माझ्या लिखाणावर शंका घेतली की मी असंच म्हणते.

म्हणजे त्या बैठकीत खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हातात हे होतं. फोन काढून साठ जणांना एक ओळ वाचून दाखवली असती तर झालं असतं. मी त्यांची अक्कल काढत होते तेव्हाही होतं.

मी तशीच उठून गारखेड्याला गेले. वहिनी लसूण सोलत होत्या. मी विचारलं, बैठकीत भाऊंना हे आठवत होतं का?

"व्हय," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी म्या म्हणलं, सांगत कामून नाय? तर म्हणले, पुस्तिकेवर पयलं नाव माझं हाय. छापायच्या आधी म्या वाचायला पायजे व्हती."

"एवढंच?"

वहिनींनी सोललेल्या पाकळ्या वाटीत सारल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"म्हणले, म्या ताईचं नाव घेतलं तर लोक म्हणतील, आपलं झाकायला बाईमाणसाला पुढं करतो. आन् अजून काय म्हणतील, त्ये तुमाला बी म्हाईत हाय."

माहीत होतं. ती चूक त्यांची असणार हे साठ जणांना इतक्या चटकन का पटलं, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मला ते उपयोगी पडत होतं, म्हणून मी तिकडे बघितलं नाही. चौदा एप्रिलला त्यांच्या ताटात जेवून मिरवणारी मी.

पुढच्या रविवारी काळीपिवळी जीपने बिडकीनला गेले. कचरूचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचा ओटा. तो ओट्यावर बसून डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत होता, त्या आकड्याने. मी कोण ते सांगितलं. म्हटलं, तुम्हाला एक वाचून दाखवायचंय. मोबाइलवर ती नोंद काढली आणि वाचली.

"परत वाचा," तो म्हणाला.

मी परत वाचली.

"तनुजाताई म्हंजी तुमीच ना?"

"हो."

कचरूने आकडा मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "पयल्यांदा आले तवा म्या त्यांना म्हणलो व्हतो, तुमचं तोंड दावू नका. माझ्या हाताचं वाटोळं करून दारात कामून येता? लई बोललो. जातीवरून बी बोललो. आत येऊ दिलं नाय. तर सा रविवार इथं बसून ऱ्हायले, ह्या ओट्यावर. काय बोलले नायत. पाणी बी मागितलं नाय. सातव्याला म्याच म्हणलो, या आत." त्याने आकडा परत उचलला. "त्या सा रविवारात एकदा जरी म्हणले आसते, की ह्यो माझा गुन्हा नाय."

मी म्हणाले, माझी चूक झाली. ते वाक्य मी थांबच्या पानावर लिहिलेल्या वाक्यापेक्षाही निरुपयोगी होतं.

"मला कामून सांगता?" कचरू म्हणाला. "माझा हात तर गेलाच. ज्याला सांगायचं व्हतं त्यो दोन वर्सं शहरातच व्हता." तो उठला, आकडा खिशात घातला आणि आत गेला. दार त्याने लावलं नाही, पण मला आत बोलावलंही नाही.

मी ओट्यावर बसले. म्हटलं, भाऊ बसले तशी बसेन. ऊन फरशीवर आलं, मग गुडघ्यांवर आलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. कुणी बाहेर आलं नाही. तासभर झाला असेल. मग कंबर दुखायला लागली, आणि मी उठून गाडी पकडली.